गुल्फभग्न : मर्यादेचे भान हीच शास्त्रनिष्ठा

भग्नचिकित्सा हा आयुर्वेदीय शल्यतंत्राच्या अभिमानाचा विषय आहे आणि हा अभिमान निराधार नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधरावा आणि चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय वाचताना आजही विस्मय वाटतो. सहा प्रकारचे संधिमुक्त, बारा प्रकारचे कांडभग्न, आंछन, पीडन, संक्षेप आणि बंधन असा उपक्रमांचा क्रम, कुशांसाठी योग्य अशा वृक्षांच्या सालींची यादी, आहारविहाराचे नियम, इतकेच नव्हे तर वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसवण्याचा उपदेश, हे सारे तेथे आहे. क्ष-किरणांच्या साहाय्यावाचून, केवळ स्पर्श, दर्शन आणि प्रश्न यांच्या बळावर उभे राहिलेले हे शास्त्र आहे. या वारशाचा उच्चार आपल्या परिषदांतून, व्याख्यानांतून आणि याच नियतकालिकाच्या पानांतून वारंवार होतो. तो व्हावाही.

परंतु वारसा म्हणजे केवळ सामर्थ्याची यादी नव्हे. ज्या ग्रंथाने आपणांस भग्न कसे बसवावे हे शिकवले, त्याच ग्रंथाने कोणते भग्न हाती घेताना सावध राहावे हेही शिकवले आहे. त्या दुसऱ्या शिकवणीचा आपणांस विसर पडत चालला आहे काय, हा प्रश्न आम्हांस अलीकडे अस्वस्थ करतो. या अस्वस्थतेचे कारण घोट्याचे, म्हणजे गुल्फसंधीचे, क्लिष्ट भग्न हे आहे. दुचाकीवरून पडलेला तरुण, पावसाळ्यात शेताच्या बांधावरून घसरलेली प्रौढ स्त्री, छपरावरून किंवा झाडावरून उभाच खाली आलेला मजूर, जिन्याची शेवटची पायरी चुकलेले वृद्ध, असे रुग्ण ग्रामीण व निमशहरी भागात पुष्कळदा प्रथम वैद्याकडे किंवा हाडवैद्याकडे येतात. त्यांतील काही तेथेच थांबतात. तीन महिन्यांनी वाकडा, सुजलेला आणि ताठरलेला पाय घेऊन ते शल्यचिकित्सकाच्या दारात उभे राहतात, तेव्हा सोपे उपाय हातचे गेलेले असतात. असा पाय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल.

शास्त्र काय सांगते?

गुल्फ हे आचार्यांच्या दृष्टीने सामान्य स्थान नाही. शारीरस्थानात त्याची गणना रुजाकर मर्मांत केली आहे. पाद आणि जंघा यांच्या सांध्याशी असलेल्या या मर्मावर आघात झाल्यास वेदना, पायाची स्तब्धता किंवा लंगडेपणा उद्भवतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. घोट्याचे भग्न नीट न बसल्यास पुढे जे दिसते, त्याचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. वेदना, ताठरपणा आणि लंगडणे ही तीनही लक्षणे आजच्या बाह्यरुग्ण विभागात तशीच दिसतात.

साध्यासाध्यतेचा विचार तर याहून महत्त्वाचा आहे. निदानस्थानात चूर्णित, छिन्न, अतिपातित आणि मज्जानुगत हे भग्न कृच्छ्रसाध्य सांगितले आहेत. कृश, वृद्ध, बालक, क्षतक्षीण, कुष्ठी आणि श्वासरोगी यांचे भग्नही त्याच पंक्तीत बसवले आहेत. त्यांच्याच जोडीला आचार्यांनी संधीपर्यंत पोहोचलेले भग्न ठेवले आहे. मोडलेल्या हाडाची रेषा सांध्याच्या आत गेली की तो रुग्ण निराळा, हे त्यांनी ओळखले होते. याच अध्यायात पुढे आणखी एक कठोर इशारा आहे. नीट बसवलेले हाडदेखील चुकीच्या ठेवणीने, चुकीच्या बंधाने किंवा धक्क्याने बिघडले, तर ते वर्ज्य समजावे. चुकीचा बंध साध्याला असाध्य करतो, असे स्वतः सुश्रुताचार्य सांगतात. बंधाची थोरवी गाताना हे वचन आपण क्वचितच उद्धृत करतो.

आता घोट्याच्या क्लिष्ट भग्नाकडे या निकषांनी पाहावे. अंतर्गुल्फ आणि बहिर्गुल्फ दोन्ही मोडलेले, त्यांच्या जोडीला जंघास्थीची मागील कडही तुटलेली, टॅलस जागचा सरकलेला, अशी त्रिगुल्फ भग्नाची स्थिती असते. उंचावरून उभे पडल्यावर टॅलस वरच्या जंघास्थीच्या छतावर हातोड्यासारखा आदळतो आणि सांध्याच्या छताचेच तुकडे होतात. यास आधुनिक शल्यज्ञ पायलॉन भग्न म्हणतात. हे भग्न संधिगत आहे, बहुधा चूर्णितही आहे, आणि रुग्ण वृद्ध असेल तर कृच्छ्रसाध्यतेचे तिसरे कारणही हजर आहे. अशा भग्नावर 'शस्त्रक्रियेविना हाड जोडून मिळेल' अशी पाटी लावून बसणे शास्त्रनिष्ठा ठरत नाही, कारण ते शास्त्राच्याच विरुद्ध आहे.

घोटा निराळा का?

हाड जुळणे आणि सांधा वाचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मांडीचे किंवा नडगीचे हाड मध्यभागी मोडून किंचित वाकडे जुळले, तरी पाय बऱ्याच अंशी उपयोगी राहतो. घोट्याचे तसे नाही. जंघास्थी आणि अनुजंघास्थी यांच्या खालच्या टोकांनी मिळून एक खोबण तयार होते आणि त्या खोबणीत टॅलस घट्ट बसतो. आचार्यांनी गुल्फाचा समावेश कोरसंधींत केला आहे. शरीराचा सगळा भार या लहानशा पृष्ठभागावरून तळपायाकडे जातो. १९७६ साली रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी शवांच्या घोट्यांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की टॅलस बाहेरच्या बाजूस केवळ एक मिलिमीटर सरकला तरी सांध्याच्या संपर्काचे क्षेत्रफळ सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. तोच भार जवळजवळ अर्ध्या जागेवर येऊ लागला की कूर्चा झिजते आणि काही वर्षांत संधिगत वाताचे चित्र उभे राहते. एक मिलिमीटरचे अंतर बोटांना जाणवत नाही. ते जाणण्यास क्ष-किरण चित्रच हवे, आणि तेही समोरून, बाजूने व पाय किंचित आत वळवून, असे तिन्ही कोनांतून घेतलेले हवे.

दुसरे कारण अस्थिबंधांचे आहे. जंघास्थी आणि अनुजंघास्थी यांना खालच्या टोकाशी बांधून ठेवणारा सिंडेस्मोसिस हा बंध फाटला, तर हाडांचे तुकडे जागेवर दिसूनही खोबण रुंदावते. कधी घोट्याच्या आतील बाजूचा बंध फाटतो आणि अनुजंघास्थी मात्र वर गुडघ्याजवळ मोडते. मेझोन्यूव्ह या फ्रेंच शल्यज्ञाने १८४० साली वर्णिलेला हा भग्न घोट्याच्याच चित्रात शोधणाऱ्यास सापडत नाही. म्हणून घोटा मुरगळल्याची तक्रार असलेल्या प्रत्येक रुग्णाची नडगी बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत दाबून पाहिली पाहिजे. स्पर्शपरीक्षा ही आपली परंपरा आहे. ती गुडघ्याखाली चार बोटांवर थांबू नये.

तिसरे आणि सर्वांत धोक्याचे कारण त्वचेचे आहे. घोट्याभोवती मांसाचे आच्छादन नाही. हाड आणि त्वचा यांमध्ये फारसे काही नसते. आघातानंतर काही तासांत सूज येते, त्वचा ताणली जाते, एकदोन दिवसांत पाण्याचे किंवा रक्ताचे फोड येतात. अशा त्वचेवर उष्ण लेप, चुना-हळदीचा थर किंवा बांबूच्या कामट्यांचा करकचून आवळलेला बंध म्हणजे पाकाला आमंत्रण होय. भग्न पाकास जाऊ नये यासाठी वैद्याने प्रयत्नांची शिकस्त करावी, कारण मांस, सिरा आणि स्नायू पक्व झाल्यास ते कष्टाने साध्य होते, हा सुश्रुतांचा उपदेश घोट्याइतका अन्य कोठेही लागू पडत नसेल. आधुनिक शल्यज्ञांनाही हा धडा अनुभवानेच मिळाला. पायलॉन भग्नावर सुजलेल्या त्वचेतून तातडीने पट्ट्या बसवल्याने जखमा उकलण्याचे आणि पूयाचे प्रमाण फार वाढले. त्यानंतर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून टप्प्याटप्प्याने उपचार करण्याची पद्धत रूढ झाली. प्रथम सांध्याला ओलांडून बाहेरून सळ्यांची चौकट लावायची, सूज उतरून त्वचेवर सुरकुत्या दिसेपर्यंत वाट पाहायची, आणि मगच सांध्याची पुनर्रचना करायची.

येथे कपाटशयनाचे स्मरण होणे साहजिक आहे. जंघा व ऊरूच्या भग्नासाठी फळीवर रुग्णाला निजवून सांध्याच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन आणि तळपायाशी एक अशा पाच खुंट्यांनी पाय अचल करण्याची ती योजना आहे. मोडलेल्या भागाच्या वर आणि खाली आधार देऊन हालचाल थांबवावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. म्हणून बाह्य स्थिरक आमच्याच आचार्यांनी शोधला, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. तत्त्वाचे साम्य हे समजुतीचा पूल बांधण्यासाठी उपयोगी असते. श्रेयाच्या भांडणात ते वाया घालवू नये.

बंध विरुद्ध शस्त्र हा वाद खोटा आहे

आमच्या काही बंधूंचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतील, की शस्त्रक्रियेनेही जखमा चिघळतात, पट्ट्या सैल होतात, खर्चाने कुटुंब मोडते, आणि कित्येक घोटे प्लास्टरने उत्तम जुळतात. यांतील प्रत्येक विधानात तथ्य आहे. सर्वच घोट्यांना शस्त्राची गरज नसते. केवळ बहिर्गुल्फ मोडलेला आणि खोबण स्थिर असलेला घोटा प्लास्टरनेच बरा होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत तर अशा स्थिर भग्नांसाठी तीन आठवड्यांचे स्थिरीकरण सहा आठवड्यांच्या तुलनेत उणे ठरले नाही.

अस्थिर भग्नांविषयीही एक महत्त्वाचा पुरावा आहे. २०१६ साली 'जामा' या नियतकालिकात ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील ६२० रुग्णांचे घोट्याचे अस्थिर भग्न तीत अभ्यासले होते. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्यास अंगासरशी बसणारे विशेष प्लास्टर घातले गेले. सहा महिन्यांनी चालण्याफिरण्याच्या क्षमतेत दोन्ही गट सारखेच ठरले. जखम चिघळण्याचे किंवा उकलण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे १० टक्के, तर प्लास्टरच्या गटात १ टक्का होते. बंधाच्या बाजूने याहून भक्कम साक्ष शोधूनही मिळणार नाही.

पण ती साक्ष पूर्ण ऐकली पाहिजे. ते प्लास्टर शस्त्रक्रियागृहात, रुग्णाला भूल देऊन, प्रशिक्षित शल्यज्ञांनी घातले होते. त्यानंतर क्ष-किरणांनी तपासणी होत राहिली. इतके करूनही सुमारे १९ टक्के रुग्णांत हाडे सरकल्यामुळे किंवा अन्य कारणाने पुढे शस्त्रक्रियेकडे वळावे लागले, आणि चित्रात हाड वाकडे जुळलेले दिसण्याचे प्रमाण प्लास्टरच्या गटात १५ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ३ टक्के होते. या चाचणीचा बोध असा, की देखरेखीखालील बंध हा शस्त्राच्या तोडीचा ठरू शकतो. देखरेखीविना घातलेल्या बंधाला तीत कोणताही आधार नाही.

आणि हेच तर सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. शीत ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असा त्यांचा नियम आहे. सैल बंधाने सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट बंधाने त्वचेला शोथ, रुजा व पाक होतो, म्हणून साधारण बंध बांधावा, असेही ते म्हणतात. या नियमाचा गाभा पुनर्निरीक्षण हाच आहे. आजच्या बंधाच्या बाबतीत हाच नियम क्ष-किरणांच्या साहाय्याने पाळावा लागतो. 'कामट्या बांधल्या, एकवीस दिवसांनी या' ही परंपरा सुश्रुतांची नव्हे.

खर्चाचा मुद्दा अधिक प्रामाणिक आहे. शल्यचिकित्सकाकडे पाठवले म्हणजे कर्ज काढायला लावले, ही रुग्णाची भीती खरी असते. परंतु महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अस्थिशल्याच्या अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत, आणि २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर उपलब्ध आहे. योजनेत असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि सोबत कोणती कागदपत्रे न्यावी लागतात, हे ज्या वैद्यास ठाऊक आहे, तो रुग्णाचे कर्ज खरोखर वाचवतो. केवळ बंध बांधून घरी पाठवणारा ते पुढे ढकलतो, इतकेच.

पहिल्या काही तासांचे कर्तव्य

तर मग वैद्याने केवळ चिठ्ठी लिहून हात झटकावेत काय? मुळीच नाही. पहिल्या काही तासांत जे होते किंवा होत नाही, त्यावर पुष्कळ अवलंबून असते आणि त्या तासांचा साक्षी अनेकदा वैद्यच असतो.

प्रथम प्रश्न हा, की भग्न आहे की केवळ मुरगळ. कॅनडात १९९२ साली मांडले गेलेले ओटावा निकष येथे अत्यंत उपयोगी आहेत. घोट्याच्या भागात वेदना आहे आणि दोहोंपैकी कोणत्याही गुल्फाच्या मागील कडेवर वा टोकाशी, खालच्या सहा सेंटिमीटरांत, हाड दाबल्यावर दुखते, किंवा आघातानंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही रुग्ण चार पावले टाकू शकत नाही, तर क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे. हे निकष कोणत्याही चिकित्सालयात भिंतीवर लावता येतात. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत मात्र त्यांवर विसंबू नये. त्याच्या पायाची संवेदना गेलेली असेल तर तो मोडलेल्या घोट्यावर चालत आपल्या दारी येऊ शकतो.

भग्नाचा संशय येताच पायातील जोडवी, पैंजण आणि पादत्राण काढावे. सूज चढल्यावर जोडवी कापावी लागतात आणि तोवर बोटाचा रक्तप्रवाह अडलेला असतो. पावलाच्या वरच्या भागातील आणि अंतर्गुल्फामागील नाडी, बोटांचा रंग, उष्णता आणि स्पर्शज्ञान तपासून वेळेसह लिहून ठेवावे. पाऊल उघडउघड वाकडे झाले असून बोटे फिकट वा थंड असतील, तर एक क्षणही दवडू नये. तो रुग्ण त्याच घटकेस रवाना व्हावा आणि पुढील रुग्णालयास आधी दूरध्वनी जावा. जखम असेल तर स्वच्छ ओल्या कापडाने झाकावी, तीवर कोणतेही चूर्ण, तेल वा लेप घालू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. धनुर्वाताची लस आणि प्रतिजैविके जितक्या लवकर मिळतील तितके बरे. गुडघ्यापासून तळपायापर्यंत कापसाचा जाड थर देऊन सैल आधार बांधावा आणि पाय उंच ठेवावा. भुलेची शक्यता असल्याने रुग्णालयाशी बोलणे होईपर्यंत पोटात काही देऊ नये.

वर्ज्यांची यादी लहान आहे, पण ती कडक पाळावी. ताज्या भग्नावर मर्दन नाही. स्वेद नाही. 'कट्' असा आवाज काढून सांधा बसवण्याचा प्रयत्न नाही. फोडांवर लेप नाही. आधार बांधल्यानंतर वेदना उतरण्याऐवजी वाढत असेल, बोटे हलवताना पोटरीत असह्य कळ येत असेल, तर बंध तत्काळ सोडावा आणि रुग्णास तातडीने पाठवावे. बंद कप्प्यांतील वाढत्या दाबाने मांसपेशी काही तासांतच मृत होतात. मग हाड कितीही सुरेख जुळले, तरी पाय परत येत नाही.

दुसरे पर्व वैद्याचे

शल्यचिकित्सकाने सांधा जुळवला, टाके काढले, आणि रुग्ण घरी आला. येथून जो काळ सुरू होतो, त्यात आमच्या मते आयुर्वेदाचे खरे कार्य आहे. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत संपते. त्यानंतरचे दिवस महिन्यांनी मोजावे लागतात. तरुणाचा सांधा एका महिन्यात, मध्यमवयस्काचा दोन आणि वृद्धाचा तीन महिन्यांत स्थिर होतो, या आचार्यांच्या हिशेबात वयाचा जो विचार आहे, तो आजही मार्गदर्शक ठरावा. पाय टेकवण्याची परवानगी कधी, हे मात्र शल्यचिकित्सकाने चित्र पाहूनच ठरवायचे असते.

या काळात रुग्णास मिळणारा सल्ला बहुधा अपुरा असतो. 'व्यायाम करा, सूज राहीलच' एवढ्यावर बोळवण होते. आपल्या समाजात माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, भाताच्या लावणीत दिवसभर वाकून चिखलात उभा राहतो. घोटा वर वाकला नाही, तर त्याचे शौच, जेवण, पूजा आणि मजुरी या चारही गोष्टी अडतात. चालता आले म्हणजे बरे झाले, ही कसोटी आपल्या रुग्णास पुरेशी नाही. त्याला बसताही आले पाहिजे. ही गरज वैद्याइतकी जवळून कोणास दिसते?

आहाराचे मार्गदर्शन आचार्यांनी दिलेलेच आहे. दूध, तूप, मांसरस, वाटाण्याचे यूष आणि बृंहण अन्न द्यावे, तर अतिलवण, कटू, अम्ल, क्षार आणि रूक्ष पदार्थ, तसेच व्यायाम, ऊन आणि मैथुन वर्ज्य करावे. यात आजच्या ज्ञानाची भर घालावी. तंबाखू आणि मशेरी बंद झालीच पाहिजे, कारण निकोटिनामुळे हाड जुळण्यास विलंब होतो. स्त्रियांच्या मशेरीविषयी शल्यचिकित्सक क्वचितच विचारतो, वैद्याने विचारावे. मधुमेह्याची शर्करा आवाक्यात नसेल तर बृंहणाचा विचार तारतम्यानेच करावा.

औषधांविषयी आम्ही संयमाने बोलू इच्छितो. अस्थिशृंखला, म्हणजे आपली हाडसांधी, हिच्यावर काशी हिंदू विश्वविद्यालयात उडुपा आणि प्रसाद यांनी १९६०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून भग्नसंधान त्वरित होते असे दाखवले. लाक्षादि गुग्गुळ आणि आभा गुग्गुळ यांचा आपला अनुभव दीर्घ आहे. परंतु घोट्याच्या क्लिष्ट भग्नावर, शस्त्रक्रियेनंतर, या कल्पांनी किती लाभ होतो हे सांगणाऱ्या सुव्यवस्थित नोंदी आपण ठेवल्या पाहिजेत. रुग्णास रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर गुग्गुळकल्प सुरू करण्यापूर्वी शल्यचिकित्सकास कळवावे, एवढी शिस्त तरी आजपासून पाळता येईल.

अभ्यंग आणि मृदु स्वेद यांचे स्थान हाड स्थिर झाल्यावर आणि जखम पूर्ण भरल्यावर येते. गंधतैलासारखे स्नेह तेव्हा ताठर सांध्यास वरदान ठरतात, हा आपला अनुभव आहे. पण दोन सावधगिऱ्या अनिवार्य आहेत. पहिली, संवेदना गेलेल्या पायावर स्वेद देऊ नये. भाजल्याचे त्यास कळतच नाही. दुसरी याहून गंभीर आहे. महिनाभर पाय निश्चल राहिलेल्या रुग्णाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, उष्ण झाली, तर ती वातवृद्धी समजून चोळू नये. खोल सिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा पोटरीस हात लावण्यापूर्वी सोनोग्राफी करून घ्यावी.

संघटनेकडून अपेक्षा

नोव्हेंबर २०२०मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ५८ शस्त्रकर्मे नमूद करणारी अधिसूचना काढली आणि देशभर वाद पेटला. आपली बाजू आपण हिरिरीने मांडली. अधिकाराची मागणी न्याय्य होती, असे आमचे मत आजही आहे. परंतु अधिकार मागणाऱ्याने मर्यादेची लक्ष्मणरेषा स्वतःहून आखली, तरच समाजाचा विश्वास बसतो. दुसऱ्याने ती आखण्याची वाट पाहणे हे शास्त्राला शोभणारे नाही.

म्हणून आम्ही तीन सूचना करतो. पहिली, संघटनेने गुल्फभग्नाविषयी एक पानी मार्गदर्शिका मराठीत सिद्ध करून प्रत्येक सभासदास द्यावी. तीत परीक्षणाचे निकष, तातडीने पाठवण्याची लक्षणे आणि वर्ज्ये असावीत. दुसरी, प्रत्येक जिल्हा शाखेने तेथील अस्थिशल्यज्ञांशी बसून पाठवणीची आणि परतपाठवणीची समान चिठ्ठी ठरवावी. रुग्ण तिकडे गेला की कायमचा गेला, ही भीती अनेक वैद्यांच्या मनात असते आणि ती उघडपणे मान्य केली पाहिजे. परतपाठवणीची चिठ्ठी हा त्यावरचा उपाय आहे. तिसरी, शस्त्रक्रियोत्तर काळात आपल्याकडे आलेल्या रुग्णांच्या नोंदी एका नमुन्यात ठेवाव्यात. घोटा किती वाकतो, रुग्ण उकिडवा केव्हा बसला, कामावर केव्हा परतला, एवढे तरी लिहावे. पाच वर्षांनी या नोंदी आपल्या दहा व्याख्यानांहून अधिक बोलतील.

हाडवैद्यांचाही यात समावेश व्हावा, असे आम्हांस वाटते. त्यांच्या बोटांतील कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि खेड्यातील माणसाचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांना हिणवून तो विश्वास कमी होत नाही, फक्त रुग्ण लपूनछपून जातो. त्यांना सोबत बसवून कोणता घोटा बांधू नये हे शिकवले, तर पुष्कळ पाय वाचतील.

साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य हा विवेक ज्याने जगाला दिला, त्या शास्त्राचे आपण उपासक आहोत. 'हा भग्न माझ्या बंधाचा नाही' असे वेळीच सांगणारा वैद्य सुश्रुतांच्या परंपरेतून बाहेर पडत नाही. मोडलेल्या घोट्याने दारी आलेला माणूस आपल्याकडे पद्धतीचा विजय मागत नाही. पुन्हा आपल्या पायांवर शेतात, कामावर आणि देवळाच्या पायऱ्यांवर जाता यावे, एवढेच त्याचे मागणे असते. ते पुरवण्यासाठी पहिल्या दिवशी त्याला योग्य दारी पोहोचवणे आणि नंतरचे महिने त्याच्या सोबत राहणे, ही दोन्ही चिकित्साच आहेत.